कडू पाणी आणि लाकूड: पवित्र शास्त्राचा आध्यात्मिक अर्थ कसा वाचावा

इस्राएल लोक तांबड्या समुद्रातून कोरड्या पायांनी पार झाले, त्यांनी विजयाचं गीत गायलं, मोशेची बहीण मिर्याम हिने डफ हाती घेतला. आणि तीनच दिवसांनी हेच लोक पाण्यावाचून मोशेवर कुरकुर करू लागले. मारा नावाच्या ठिकाणी पाणी मिळालं, तर ते कडू. मोशेने परमेश्वराचा धावा केला, परमेश्वराने त्याला एक लाकूड दाखवलं, आणि ते पाण्यात टाकताच पाणी गोड झालं. निर्गम १५:२२–२७. अवघी सहा वचनं.

हा लेख या सहा वचनांना धरूनच चालेल. ख्रिस्ती गूढ ईशज्ञानात, म्हणजे प्रार्थना आणि ध्यानातून देवाला ओळखण्याच्या परंपरेत, शास्त्राचा आध्यात्मिक अर्थ कसा वाचतात हे नुसते नियम ऐकून कळत नाही. एका उताऱ्यावर हात बसला की दुसरा उतारा सोपा जातो.

एक गोष्ट आधीच पक्की करू. आध्यात्मिक अर्थ मजकुराला बाहेरून चिकटवता येत नाही. वाचताना जिथे ठेच लागते, तिथूनच तो उगवतो. प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ओरिगनने (सुमारे १८५–२५३) ‘मूलतत्त्वांविषयी’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात म्हटलं आहे की पवित्र आत्म्याने शास्त्रात मुद्दाम अडखळण्याच्या जागा ठेवल्या, म्हणजे वाचणारा वरवरच्या गोडीत रमून जाणार नाही, थांबेल आणि आत शिरेल. म्हणून या वाचनात अडचण झाकून पुढे जायचं नसतं, तिच्यापाशीच बसायचं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावर उभ्या आहेत.

चार अर्थ आणि त्यांचं एकमेकांशी नातं

संन्यासी लेखक योहान कॅसियनने (सुमारे ३६०–४३५) दिलेलं उदाहरण आजही सगळ्यात सोपं आहे. यरुशलेम म्हणजे इतिहासातलं ज्यू लोकांचं नगर, हा शब्दार्थ. यरुशलेम म्हणजे ख्रिस्ताची मंडळी, हा रूपकार्थ. यरुशलेम म्हणजे माणसाचा आत्मा, हा नीत्यर्थ. आणि यरुशलेम म्हणजे स्वर्गातलं देवाचं नगर, हा ऊर्ध्वार्थ, म्हणजे वर नेणारा अर्थ. तेराव्या शतकात डेशियाच्या ऑगस्टिनने हे दोन ओळींच्या लॅटिन श्लोकात बसवलं: शब्द सांगतो काय घडलं, रूपक सांगतं काय मानायचं, नीती सांगते काय करायचं, ऊर्ध्वार्थ सांगतो कुठे जायचं.

हे चार वेगवेगळे कप्पे समजले की घोटाळा होतो. मध्ययुगीन ईशज्ञानी थॉमस अक्वायनसने (१२२५–१२७४) त्यांचं नातं नेमकं सांगितलं आहे. शब्द वस्तूकडे बोट दाखवतात, आणि शास्त्रात त्या वस्तूही पुढे कशाकडे तरी बोट दाखवतात. ‘लाकूड’ या शब्दाचा अर्थ लाकूडच. क्रुसाची खूण आहे ती पाण्यात पडलेल्या त्या लाकडात. माणूस शब्द जुळवून अर्थ सांगतो, देव घटना जुळवूनही सांगू शकतो. म्हणून तिन्ही आध्यात्मिक अर्थ शब्दार्थावर उभे राहतात, आणि श्रद्धेच्या एखाद्या प्रश्नावर पुरावा द्यायचा असेल तर तो फक्त शब्दार्थातूनच देता येतो. ही दुसरी अट अनेकांना जाचते, पण तिच्यामुळेच कोणीही आपल्या ध्यानातली कल्पना सगळ्या मंडळीवर लादू शकत नाही.

ही पद्धत नंतरच्या लोकांनी शोधून काढली असं नाही. पौलाने अब्राहामाच्या मुलांच्या आया हागार आणि सारा यांच्यात दोन करार पाहिले (गलतीकरांस ४:२४), रानातल्या खडकाला ख्रिस्त म्हटलं (१ करिंथ १०:४). योहानाच्या शुभवर्तमानात येशूने स्वतः मोशेने उंच केलेल्या सर्पाची खूण स्वतःकडे वळवली (३:१४).

सुरू करण्याआधी

पाच ते दहा वचनांचा, स्वतःत पूर्ण असलेला उतारा निवडा आणि त्याला एक आठवडा द्या. रोज तीस-चाळीस मिनिटं, शक्यतो ठरलेल्या वेळी. हा वेग कमी वाटत असेल तर बाराव्या शतकातला मठाधिपती क्लेर्व्होचा बर्नार्ड याच्याकडे पाहा. त्याने गीतरत्नावर प्रवचनं ११३५ च्या सुमारास सुरू केली, ११५३ मध्ये तो वारला तेव्हा ८६ प्रवचनं झाली होती, आणि तो तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वचनापर्यंतच पोहोचला होता.

दोन भाषांतरं जवळ ठेवा, त्यातलं एक शक्य तितकं शब्दशः असावं. समासात संदर्भवचनं दिलेली प्रत आणि शब्दसूची (कोणता शब्द शास्त्रात कुठेकुठे आला ते दाखवणारं पुस्तक) हवी. एक वही हवी, जिचं डावं पान शब्दार्थासाठी आणि उजवं पान बाकीच्या अर्थांसाठी. पहिले दोन दिवस उजवं पान कोरं राहू द्या. हे कडकपणे पाळा. उजवं पान पहिल्या दिवशी भरलं तर समजावं की आपण आधीच माहीत असलेलं लिहिलं, मजकुराने सांगितलेलं नाही.

सुरुवातीचे उतारे असे घ्या ज्यांचा अर्थ नव्या करारानेच दाखवून दिला आहे: पितळी साप (गणना २१:४–९), मान्ना, म्हणजे रानात आकाशातून मिळालेलं अन्न (निर्गम १६, सोबत योहान ६), खडकातून पाणी (निर्गम १७:१–७). प्रकटीकरण आणि गीतरत्न यांनी सुरुवात करू नका. ओरिगन सांगतो की ज्यू परंपरेतही चार भाग प्रौढपणासाठी राखून ठेवत: उत्पत्तीचा आरंभ, यहेज्केलाचा आरंभ आणि शेवट, आणि गीतरत्न. त्याच्या मते शलमोनाच्या तीन पुस्तकांचा क्रमही वाटचालीचा क्रम आहे. नीतिसूत्रांनी वागणं सुधारावं, उपदेशकाने जगाचं क्षणिकपण कळावं, मगच गीतरत्न हाती घ्यावं.

वाचकाच्या आयुष्याचाही यात वाटा आहे. कॅसियनच्या चौदाव्या संवादात अब्बा (संन्यासी गुरू) नेस्टेरॉस बजावतो की आधी आचरण शुद्ध करण्याचं ज्ञान, मग आध्यात्मिक ज्ञान. आणि नुकतं समजलेलं लगेच दुसऱ्याला शिकवायला धावू नये. कोणाशी वाकडं असेल तर उतारा उघडण्याआधी ते मिटवायला जा. मनात राग धरून रूपकार्थ वाचला की त्या रूपकात शत्रूचाच चेहरा दिसतो.

पहिले दोन दिवस: शब्द

उतारा मोठ्याने तीनदा वाचा. मग डाव्या पानावर फक्त मजकुरात आहे तेच उतरवा: कोण, कुठे, किती दिवस, कोण काय बोललं, कोणती क्रियापदं. त्यानंतर ठेचा लिहा. मारा इथे निदान पाच आहेत.

लाकडाने पाणी गोड कसं होईल? मोशेने लाकूड आपणहून शोधलं नाही, परमेश्वराने ‘दाखवलं’. हे का सांगावंसं वाटलं? वचन २५ म्हणतं तिथे त्याने त्यांना विधी आणि नियम लावून दिला. पण कोणता, ते मजकूर सांगतच नाही. वचन २६ मध्ये परमेश्वर म्हणतो मी तुला बरं करणारा आहे. पण इथे आजारी कोणीच नाही, बिघडलेलं आहे ते पाणी. आणि वचन २७ मध्ये एलीमचे बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडं इतकं नेमकं मोजून का दिलं?

आता या ठेचा शब्दार्थाच्या पातळीवरच जितक्या सुटतील तितक्या सोडवा. मागे जाऊन निर्गम ७ वाचा. तिथे काठीने नाईलवर मारल्यावर चांगलं पाणी रक्त झालं आणि मिसरी लोकांना ते पिता येईना. इथे लाकूड पडतं आणि न पिता येणारं पाणी पिण्याजोगं होतं. वचन २६ मधला मिसरी रोगांचा उल्लेख मग उपरा वाटत नाही: मिसरमध्ये जे झालं, त्याच्या उलट इथे होत आहे. २ राजे २:१९–२२ मध्ये अलीशा खराब पाण्यात मीठ टाकतो, आणि तिथे पाणी ‘बरं केलं’ असंच म्हटलं आहे. ते हिब्रू क्रियापद इथल्या ‘बरं करणारा’ या शब्दाच्याच धातूचं. म्हणजे हिब्रू कानाला पाणी बरं होतं हे विचित्र वाटत नाही.

‘दाखवलं’ या शब्दामागे जो हिब्रू धातू आहे, त्याच धातूपासून ‘तोरा’ (मोशेचं नियमशास्त्र) हा शब्द आला. दाखवणं आणि शिकवणं तिथे जवळजवळ एकच आहे. म्हणून ‘लाकूड दाखवलं’ आणि ‘नियम लावून दिला’ ही एकाच वचनात शेजारी बसली आहेत.

हे सगळं अजून शब्दार्थच आहे. पण इतकं झाल्यावर आध्यात्मिक अर्थ दारात उभा असतो, त्याला ओढून आणावं लागत नाही.

तिसरा दिवस: शास्त्राने शास्त्र उघडणं

उताऱ्यातले तीन-चार वजनदार शब्द घ्या, त्याहून जास्त नको. इथे पाणी, कडू, लाकूड, बरं करणं. शब्दसूचीतून प्रत्येकाची पाच-सहा ठिकाणं काढा आणि वाचा.

लाकडाचं उदाहरण जवळून पाहू. हिब्रूत झाड आणि लाकूड यांना एकच शब्द आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्यासाठी ‘क्सुलॉन’ आला, आणि नव्या करारात हाच ग्रीक शब्द येशूला ज्यावर टांगलं त्या लाकडासाठी (गलतीकरांस ३:१३, १ पेत्र २:२४) आणि जीवनाच्या झाडासाठी (प्रकटीकरण २२:२) वापरला आहे. मराठीत झाड, लाकूड, खांब असे शब्द वेगळे होतात आणि धागा तुटतो. म्हणून शब्दशः भाषांतर आणि शब्दसूची जवळ हवी. आता ही तीन ठिकाणं ओळीने वाचा. १ पेत्र २:२४ मध्ये लाकडावर पापं वाहून नेणं आणि त्याच्या जखमांनी बरं होणं एकाच वाक्यात आहे. प्रकटीकरण २२ मध्ये नदीकाठी झाड आहे आणि त्याची पानं राष्ट्रांना बरं करण्यासाठी आहेत. पाणी, लाकूड, बरं होणं: मारा इथल्या या तिन्ही गोष्टी शास्त्राच्या शेवटच्या पानावर पुन्हा एकत्र आली आहेत.

याच्या उलट चूकही होते. भाषांतरातल्या योगायोगावर अर्थ बांधला जातो. बर्णबाचं म्हणून ओळखलं जाणारं प्राचीन पत्र अब्राहामाच्या ३१८ सेवकांत (उत्पत्ती १४:१४) येशू आणि क्रूस पाहतं, कारण ग्रीक अंकलेखनात योटा आणि इटा मिळून १८ होतात, ती येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरं, आणि ३०० म्हणजे टाऊ, ज्याचा आकार क्रुसासारखा. पण उत्पत्ती हिब्रूत लिहिली आहे, तिथे ही जुळणीच नाही. मराठी वाचकानेही हे ध्यानात ठेवावं. ‘आत्मा’ आणि ‘वारा’ यांना हिब्रूत आणि ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, म्हणून योहान ३:८ मधली खूण खरी. पण मराठी भाषांतरात दोन शब्दांचा यमक जुळला म्हणून त्यावर काही उभारू नये.

रूपकार्थ: दोन गुरू, एक लाकूड

आता उजवं पान उघडा. ओरिगन निर्गमावरच्या सातव्या प्रवचनात म्हणतो, माराचं कडू पाणी म्हणजे नुसत्या अक्षराने वाचलेला नियम. त्यात ख्रिस्ताच्या ज्ञानाचं, क्रुसाचं लाकूड पडलं की तो आध्यात्मिक अर्थाने गोड होतो. मग लोक एलीमला जातात, म्हणजे बारा प्रेषितांच्या झऱ्यांपाशी. हा उतारा त्याच्यासाठी शास्त्र कसं वाचावं याबद्दलच आहे.

चौथ्या शतकातला बिशप निस्साचा ग्रेगरी (सुमारे ३३५–३९५) ‘मोशेचं जीवन’ या ग्रंथात हेच पाणी वेगळं चाखतो. मिसरचे भोग नुकते सोडून आलेल्याला सद्गुणाचं जीवन सुरुवातीला कडू लागतं. त्यात लाकूड, म्हणजे क्रुसापासून सुरू झालेल्या पुनरुत्थानाचं रहस्य, पडलं की आशेमुळे तेच जीवन गोड होतं. बारा झरे त्यालाही प्रेषितच वाटतात, आणि सत्तर झाडं म्हणजे लूक १०:१ मध्ये पाठवलेले सत्तर शिष्य (काही हस्तलिखितांत ही संख्या ७२ आहे).

दोघांपैकी बरोबर कोण, हा प्रश्न इथे लागू होत नाही. लाकूड दोघांकडेही क्रूस आहे. पाणी वेगळं आहे, कारण तहान वेगळी आहे. स्वतःचं वाचन मात्र तीन प्रश्नांनी तपासा. पहिला: खूण आणि खुणेने दाखवलेलं यांच्यात क्रिया जुळते का? लाकूड पाण्यात बुडतं आणि पाणी बदलतं, क्रूस मरणात उतरतो आणि मरण बदलतं, जुळतं. फक्त आकार किंवा रंग जुळत असेल तर ते वाचन कच्चं आहे. दुसरा: शास्त्रात दुसरीकडे याला आधार आहे का? तिसरा: शब्दार्थ अजून उभा आहे का, की रूपकाने त्याला गिळलं? उताऱ्यातला प्रत्येक तपशील जुळवायची गरज नाही. शूरचं रान म्हणजे काय, हे नाही सुचलं तर सोडून द्या.

आणि चिन्हांचा कोश बनवू नका. पाणी म्हणजे नेहमी बाप्तिस्मा, सिंह म्हणजे नेहमी अमुक, असं चालत नाही. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (३५४–४३०; वर आलेला डेशियाचा ऑगस्टिन वेगळा) ‘ख्रिस्ती शिकवणुकीविषयी’च्या तिसऱ्या भागात दाखवतो की एकच वस्तू उलट अर्थांनी येते: सिंह म्हणजे ख्रिस्त (प्रकटीकरण ५:५) आणि गर्जणारा सैतानही (१ पेत्र ५:८), खमीर म्हणजे परूशांची शिकवण (मत्तय १६:६) आणि स्वर्गाचं राज्यही (मत्तय १३:३३). अर्थ उतारा ठरवतो.

एक जखम जी नाकारता येत नाही

ओरिगनच्या वाचनात ‘कडू अक्षर’ ज्यूंकडे आणि ‘गोड अर्थ’ ख्रिस्ती लोकांकडे, अशी विभागणी सहज शिरते, आणि पुढच्या शतकांत अशा वाचनाने ज्यू लोकांविषयीच्या तिरस्काराला बळ दिलं. हे टाळण्याचा उपाय शब्दार्थातच आहे. ज्यू परंपरेनेही या उताऱ्याचा आध्यात्मिक अर्थ वाचला आहे. मेखिल्ता या प्राचीन टीकाग्रंथात ते लाकूड म्हणजे तोरा, जी नीतिसूत्रे ३:१८ मध्ये जीवनाचं झाड आहे. तालमूद हा ज्यू गुरूंच्या शिकवणुकीचा संग्रह म्हणतो पाणी म्हणजे तोरा. लोक तीन दिवस तिच्याविना चालले आणि थकले, म्हणून शनिवार, सोमवार आणि गुरुवार तोरावाचनाचे दिवस ठरले, म्हणजे सलग तीन दिवस तिच्याविना जाणार नाहीत. ज्याला आपण ‘नुसतं अक्षर’ म्हणतो, त्याच्या घरी ते कधीच नुसतं अक्षर नव्हतं. रूपकार्थ लिहिताना ‘ते’ आणि ‘आपण’ असे शब्द आले की पेन थांबवा. कडू पाण्यापाशी आपणच उभे आहोत.

जवळचंच दुसरं उदाहरण स्तोत्र १३७:९, जिथे बाबेलची बाळं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलं आहे. मठवासीयांसाठी लिहिलेल्या बेनेडिक्टच्या नियमावलीत वाईट विचार जन्मताच ख्रिस्तावर आपटून टाकण्याची जी शिकवण आहे, ती या वचनाच्या रूपकार्थातून येते. वाचन सुंदर आहे आणि प्रार्थनेत उपयोगी पडतं. पण ते इतक्या घाईने गाठू नका की घरदार जळालेल्या बंदिवानांचा आक्रोशच ऐकू येणार नाही. शब्दार्थाने आधी रडू द्यावं.

नीत्यर्थ

इथे प्रश्न एकच: या उताऱ्यातलं काय आज माझ्यात घडतंय? मारा इथे लोक आणि मोशे दोघेही तहानलेले आहेत. लोक माणसावर कुरकुरतात, मोशे देवाकडे ओरडतो. तहान एकच, तोंड दोन दिशांना. आणि हे गीतानंतर तीन दिवसांत घडतं, म्हणजे कोरडेपणा हा आधीचा आनंद खोटा होता याचा पुरावा ठरत नाही.

एवढं कळल्यावर एक कृती लिहा, आणि ती त्या दिवशी करता येईल अशी. ‘संयम बाळगेन’ ही कृती नव्हे. ‘आज ज्याच्याविषयी तक्रार करणार होतो, त्याच्यासाठी आधी प्रार्थना करेन’ ही कृती.

नीत्यर्थाने रूपकार्थाची परीक्षाही होते. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात ऑगस्टिन शोमरोन्याला ख्रिस्त, जखमी माणसाला आदाम, उताराशाळेला मंडळी आणि तिच्या रखवालदाराला पौल म्हणतो. हे वाचून मन भरतं, पण दाखल्याच्या शेवटी येशूने सांगितलेलं ‘जा आणि तूही तसंच कर’ (लूक १०:३७) मागे पडलं, तर वाचन फसलं. ऑगस्टिनचाच नियम: ज्या समजुतीने देवावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम वाढत नाही, ती अजून शास्त्राची समजूत नव्हे. आणि समजूत चुकली तरी प्रेम वाढलं, तर तो माणूस रस्ता सोडून शेतातून गेला तरी मुक्कामालाच पोहोचला. तरीही त्याला रस्ता दाखवावा, नाहीतर आडवाटेची सवय लागते.

ऊर्ध्वार्थ

हा अर्थ बहुतेक वह्यांत कोराच राहतो. त्यासाठी उताऱ्याचा शेवट पाहा. लोक एलीमला पाण्याकाठी तळ देतात आणि पुढच्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत तिथून निघतात. एलीम गोड आहे, पण मुक्काम नाही. गणना ३३ मध्ये या प्रवासाचे टप्पे मोजले आहेत. ओरिगन ते बेचाळीस धरतो आणि त्यांत आत्म्याची देवाकडची चढण वाचतो. मारा आणि एलीम त्यातले सुरुवातीचेच टप्पे. खरं पाणी आणि खरं झाड प्रकटीकरण २२ मध्ये आहे. तिथे कोण, काय आणि कसं याचं चित्र रंगवू नका. एवढंच लिहा की या उताऱ्यातली कोणती गोडी अजून अपुरी राहिली. ती अपुरेपणाची जाणीवच इथे वर नेते.

शेवटचे दोन दिवस: वही बाजूला

बाराव्या शतकातल्या कार्थुसियन पंथाचा संन्यासी गुईगो दुसरा याने वाचनाची शिडी चार पायऱ्यांची सांगितली: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. वाचन घास तोंडात ठेवतं, मनन तो चावतं, प्रार्थनेने त्याची चव मिळते, आणि ध्यान म्हणजे ती गोडीच. तो इशाराही देतो: मननाविना वाचन कोरडं, वाचनाविना मनन भरकटणारं, मननाविना प्रार्थना कोमट. कुठे बिघडतंय हे यावरून ओळखता येतं. प्रार्थना कोमट असेल तर जास्त जोर लावू नका, एक पायरी उतरून मननाला जा.

सहाव्या दिवशी उताऱ्यातलं एकच वाक्य घ्या, ‘मी तुला बरं करणारा परमेश्वर आहे’. सावकाश म्हणा. मग डायोनिसिअसच्या वाटेने चाला. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास डायोनिसिअस अरीयपगकर या नावाने लिहिणाऱ्या या लेखकाचा ‘गूढ ईशज्ञान’ हा ग्रंथ पाचच छोट्या अध्यायांचा आहे. आधी नाव मनापासून होकाराने घ्या: तो बरं करणारा आहे. मग त्या नावातलं माणसाचं माप सोडून द्या: वैद्य बाहेरून येतो, तो तसा बाहेरून येत नाही, वैद्याला रोग शोधावा लागतो, त्याला नाही. मग होकार आणि नकार दोन्ही खाली ठेवा, कारण डायोनिसिअसच्या मते देव दोन्हींच्या पलीकडे आहे. हाच लेखक दुसरीकडे म्हणतो की देवासाठी शास्त्राने वापरलेल्या ओबडधोबड प्रतिमा, खडक, सिंह, अगदी स्तोत्र २२ मधला किडा, भव्य प्रतिमांपेक्षा सुरक्षित असतात. प्रकाश किंवा सोनं म्हटलं की मन तिथेच अडकतं; किडा म्हटल्यावर देव खरोखर किडा आहे असं कोणी धरत नाही, मन आपोआप पुढे जातं.

निस्साच्या ग्रेगरीने मोशेच्या वाटचालीत हाच क्रम पाहिला: आधी झुडुपातला उजेड (निर्गम ३), मग ढग, शेवटी निबिड अंधार, जिथे देव होता (निर्गम २०:२१). विचार संपल्यासारखे वाटले की बहुतेक वाचक घाबरतात आणि नवा संदर्भ शोधायला पुन्हा शब्दसूची उघडतात.

ती उघडावी की नाही, याची कसोटी क्रुसाच्या संत योहानाने (१५४२–१५९१) ‘कर्मेल पर्वतावर आरोहण’च्या दुसऱ्या भागात तीन खुणांनी दिली आहे. पहिली, पूर्वीसारखं मनन करता येत नाही आणि केलं तरी रस लागत नाही. दुसरी, दुसऱ्या कशावर मन किंवा कल्पना जाणूनबुजून लावावीशी वाटत नाही. मन इकडेतिकडे भटकतं, पण आपण त्याला मुद्दाम तिकडे नेत नाही. तिसरी आणि सगळ्यात खात्रीची, एकट्याने, कशाचाही विशेष विचार न करता, देवाकडे प्रेमाने लक्ष लावून शांत बसावंसं वाटतं. तिन्ही खुणा एकत्र हव्यात. पहिली एकटी असेल तर तो निव्वळ हलगर्जीपणा किंवा लक्ष विखुरल्याचा परिणाम असू शकतो. पहिल्या दोन असतील आणि तिसरी नसेल, तर मनाची उदासी असू शकते. तेव्हा विश्रांती घ्या, गरज असेल तर मदत घ्या, आणि त्याला आध्यात्मिक अवस्था म्हणू नका.

तिन्ही असतील तर वही मिटवा आणि ठरवलेला वेळ संपेपर्यंत बसून राहा. नसतील तर डावं पान पुन्हा उघडा आणि वचन २२ पासून मोठ्याने वाचायला लागा.